पर्सेंटाइल बरा असूनही सीट जाते ती अशी: बारावीच्या मुलांनो, या चुका टाळा

रामबाग असो की सुदामानगर, घरात बारावीचं मूल आहे म्हटल्यावर पाहुणा पोह्यांची बशी हातात पडायच्या आत विचारतो, "मग, पर्सेंटाइल किती?" शंभरातले किती जण आपल्या मागे, हे सांगणाऱ्या त्या आकड्यात मुलाचा सगळा जीव अडकलेला. पण आकडा चांगला असूनही हवं ते कॉलेज हुकलेली मुलं इंदूरात कमी नाहीत.

सगळ्यात महागात पडणारी चूक अकरावीत होते. कॉमर्स घेतलं, गणित जड जातं, म्हणून त्याच्या जागी फिजिकल एज्युकेशन. दोन वर्षांनी तेच मूल म्हणतं, दिल्ली विद्यापीठात इकॉनॉमिक्स ऑनर्स करायचंय. तिथे सीयूईटीत, म्हणजे विद्यापीठांच्या सामायिक प्रवेशपरीक्षेत, गणित लागतंच, आणि दिल्ली विद्यापीठाला सीयूईटीचे विषय बारावीत शिकलेलेच हवे असतात. आता रात्रंदिवस अभ्यास केला तरी ते दार उघडत नाही. सीयूईटीत जास्तीत जास्त ५ विषय घेता येतात. म्हणून आधी विद्यापीठाची पात्रता वाचा, मग एनटीएचा (ही परीक्षा घेणाऱ्या संस्थेचा) फॉर्म उघडा. बहुतेक जण हे उलट करतात, आणि मित्राने जे विषय टाकले तेच टाकून मोकळे होतात.

इंजिनिअरिंगवाल्यांची चूक वेगळी. एनआयटी या केंद्र सरकारच्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या निम्म्या जागा होम स्टेटसाठी असतात, पण होम स्टेट ठरतं बारावी कुठल्या राज्यातून केली त्यावर, मूळ निवासी दाखल्यावर नाही. राजस्थानातल्या कोटा शहरातल्या शाळेत नाव घालून बारावी दिली, की भोपाळच्या एनआयटीत, म्हणजे मॅनिटमध्ये, तुम्ही बाहेरचे आणि जयपूरच्या एनआयटीत, म्हणजे एमएनआयटीत, घरचे. चालत असेल तर जरूर करा, पण ठरवून करा. तसंच "आपण मराठी, पुणं आपलंच" हा आजोबांचा भरवसा. महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत शिक्षण कुठे झालं आणि तिथला अधिवास आहे का, हे बघतात. मातृभाषेचा रकाना तिथे कामाचा नाही.

मग चॉइस फिलिंग, म्हणजे हव्या त्या कॉलेजांची क्रमवार यादी भरणं. इथे हुशार मुलंही घाबरून गणित मांडतात: "वरचं मिळणार नाही, तर पहिल्या नंबरावर मिळणारंच टाकू." यंत्रणा यादी वरून वाचते आणि तुमच्या रँकला बसणारी पहिली जागा देते. वर अवघड कॉलेज टाकल्याने खालचं जात नाही, पण खालचं वर टाकलंत तर जे मिळू शकत होतं ते गेलं. यादी मनातल्या क्रमानेच भरा, आणि लांबलचक भरा. जोसामध्ये, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या एकत्रित प्रवेशप्रक्रियेत, सीट मिळाल्यावर मुदतीत स्वीकारा. त्याहून चांगलं हवं असेल तर फ्लोट करा, म्हणजे हातातली सीट ठेवून वरच्यासाठी यादीत राहा. "पुढच्या फेरीत बघू" म्हणून गप्प बसलात तर हातातलीही जाते.

कागदांचं थोडक्यात. आधारवर मराठी पद्धतीने वडिलांचं नाव मध्ये, दहावीच्या मार्कशीटवर नुसतं नाव-आडनाव. पाटील एकीकडे दोन ई लावून, दुसरीकडे एका आयने. हे नववी-दहावीतच निस्तरा. ओबीसी आणि ईडब्ल्यूएसचे (आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटाचे) दाखले चालू आर्थिक वर्षाचे लागतात. शिवाय ओबीसीची केंद्रीय यादी राज्यानुसार वेगळी असते, महाराष्ट्रातल्या काकांचा दाखला बघून गृहीत धरू नका.

इंदूरजवळच्या राऊच्या आयआयएमचा आयपीएम हा पाच वर्षांचा मॅनेजमेंट कोर्स २०११ पासून आहे, तरी बाहेरगावची मुलं त्याची तयारी आपल्यापेक्षा लवकर सुरू करतात असं मला वाटतं. बारावीनंतर थेट घेतात, दोन किलोमीटरवर राहणाऱ्यांनाही ते उशिरा कळतं.

राहिला ड्रॉप, म्हणजे एक वर्ष थांबून परीक्षा पुन्हा देणं. ९९ पर्सेंटाइल म्हणजे १४ लाख मुलं बसली असतील तर साधारण १४ हजार तुमच्या पुढे, हे आधी कळून घ्या. टक्क्यांसारखं वाचाल तर चुकीचा निर्णय घ्याल. आयआयटीची प्रवेशपरीक्षा जेईई अॅडव्हान्स्ड लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते, म्हणजे आयआयटीसाठी ड्रॉप एकच. आणि एनआयटी-आयआयटीला लागणारे बारावीतले ७५ टक्के (एससी-एसटीसाठी ६५) नसतील, बोर्डाच्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्येही नसाल, तर त्या वर्षात आधी बोर्डाचे मार्क सुधारायचे, मग कोचिंगची फी भरायची.