न्यूज कॅशे सर्व्हरवर लॉगिन होत नसेल तर

न्यूज कॅशे सर्व्हर, म्हणजे यूजनेट या इंटरनेटवरील चर्चागटांचे लेख जवळ साठवून ठेवणारा सर्व्हर, हा वाचक आणि मूळ न्यूज सर्व्हर यांच्या मधला दुवा असल्यामुळे येथे ओळखीची तपासणी दोन ठिकाणी होऊ शकते: वाचकाची कॅशेकडे आणि कॅशेची मूळ सर्व्हरकडे. म्हणून पासवर्ड बदलत बसण्यापूर्वी नेमकी कोणती तपासणी फसते आहे, हे आधी ठरवावे.

त्यासाठी न्यूजरीडर (लेख वाचण्याचा प्रोग्राम) बाजूला ठेवून टेलनेटने, म्हणजे सर्व्हरला थेट कमांड टाइप करून देता येणाऱ्या साधनाने, कॅशेच्या ११९ क्रमांकाच्या पोर्टवर जोडणी करावी आणि ‘ऑथइन्फो यूझर’ (AUTHINFO USER) ही कमांड वापरकर्त्याच्या नावासह द्यावी. टेलनेटमधून पासवर्ड उघडा, म्हणजे एन्क्रिप्ट न होता, जातो, त्यामुळे ही चाचणी शक्यतो कॅशेच्याच मशीनवर बसून करावी. उत्तरादाखल ३८१ आल्यास सर्व्हर पासवर्ड मागत आहे. ‘ऑथइन्फो पास’ (AUTHINFO PASS) ही कमांड पासवर्डसह दिल्यावर २८१ आले तर लॉगिन झाले आणि ४८१ आले तर ते नाकारले गेले, असे समजावे. ४८३ आल्यास मात्र सर्व्हरला एन्क्रिप्टेड जोडणी हवी असते, तेव्हा टीएलएस (जोडणी एन्क्रिप्ट करणारी पद्धत) वापरून, सहसा ५६३ पोर्टवरून, जोडावे.

लॉगिन होऊन जुने लेख उघडतात पण नवे येत नाहीत, हे लक्षण सर्वाधिक फसवे आहे, कारण जुने लेख कॅशेमधूनच मिळत असतात आणि फसलेली असते ती बहुधा कॅशेची मूळ सर्व्हरकडची तपासणी. अशा वेळी कॅशेचा लॉग (घडामोडींची नोंद असलेली फाइल) पाहावा, कॉन्फिगरेशन फाइलमधील मूळ सर्व्हरसाठीचे वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड, विशेषतः ओळीच्या शेवटी राहिलेली रिकामी जागा, बारकाईने तपासावी आणि बदलानंतर सेवा पुन्हा सुरू करावी.