थायरॉइडची गोळी लागू पडत नाही? डोस वाढवण्याआधी हे तपासा

रक्ततपासणीत टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) पुन्हा आठ-नऊ आला की दोष गोळीला जातो आणि ५०च्या जागी ७५ मायक्रोग्रॅम सुरू होते. खरं तर पुष्कळदा गोळी पुरेशी असते, पण ती पोटातून रक्तात पोहोचतच नाही.

आधी रिपोर्ट नीट वाचा. ‘टीएसएच वाढला म्हणजे थायरॉइड वाढला’ हा समज उलटा आहे. टीएसएच थायरॉइडमध्ये बनत नाही. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पियुषिका ग्रंथीत, म्हणजे पिट्युटरीत, बनतो. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी टी-४ आणि थोडा टी-३ सोडते. रक्तात ही हार्मोन्स कमी पडली की पिट्युटरी टीएसएच वाढवते, पुरेशी झाली की आवरतं घेते. पिट्युटरीच्याही वर हायपोथॅलॅमस हा मेंदूचा भाग आहे, तो टीआरएच नावाचं हार्मोन पाठवून तिला हलवतो. म्हणून टीएसएच जास्त म्हणजे हार्मोन कमी. प्रौढांसाठी साधारण ०.४ ते ४ ही मर्यादा धरतात. तुमच्या लॅबची छापलेली मर्यादा बघा. (पिट्युटरीचाच आजार असेल तर एकट्या टीएसएचवर विसंबता येत नाही, तिथे फ्री टी-४, म्हणजे रक्तात मोकळा फिरणारा टी-४, बघतात.)

गोळीत लिव्होथायरॉक्सिन असतं, म्हणजे तोच टी-४. ती अनशापोटी, साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि पुढे ३० ते ६० मिनिटं काही खायचं-प्यायचं नाही. चहाही नाही. इथेच गाडी अडते. ठाण्याहून सकाळची फास्ट लोकल गाठणारा माणूस उठल्या-उठल्या गोळी तोंडात टाकतो आणि आंघोळीआधी चहा घेतो. मध्ये दहा मिनिटंही जात नाहीत. कॉफीने आणि दुधातल्या कॅल्शियमने गोळीचं शोषण घटतं. उपाय सोपा: डोळा उघडला की पलंगाशेजारीच गोळी, मग बाकीची आवराआवर, आणि चहा निघताना.

तेही जमत नसेल तर रात्री झोपताना घ्या, पण जेवणानंतर किमान तीन तास जायला हवेत. आठला जेवलात तर साडेअकराला चालेल. दहाला घरी येऊन जेवणाऱ्याने या भानगडीत पडू नये. आणि झोपताना हळदीचं दूध पीत असाल तर ते जेवणातच धरा.

ऐरोली-महापेच्या रात्रपाळीवाल्यांनी घड्याळाकडे न बघता झोपेकडे बघावं. मुख्य झोप संपून उठलात की गोळी, मग तासभर फक्त पाणी. सुट्टीच्या दिवशीही गोळी झोपेनंतरच.

आता दुसऱ्या औषधांचा गोंधळ. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या थायरॉइडच्या गोळीला पोटातच धरून ठेवतात, म्हणून मध्ये चार तासांचं अंतर हवं. सकाळी सहाला थायरॉइड, दुपारच्या जेवणानंतर कॅल्शियम, असं बसवा. लोह असलेल्या मल्टिव्हिटॅमिनलाही हाच नियम. अ‍ॅसिडिटीसाठी रोज घेतल्या जाणाऱ्या पॅन्टोप्राझोलचा प्रश्न वेगळा आहे: थायरॉइडची गोळी विरघळायला पोटातलं आम्ल लागतं आणि ते दिवसभरच कमी झालेलं असतं, त्यामुळे नुसती वेळ बदलून भागत नाही. ते औषध सुरू किंवा बंद झालं की सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच बघायला डॉक्टरांना सांगा.

शिजवलेल्या कोबी-फ्लॉवरची धास्ती मात्र सोडा. नेहमीच्या जेवणातल्या भाजीने काही बिघडत नाही.

रक्त देताना एक पथ्य: आधी सॅम्पल, मग गोळी. गोळीनंतर काही तास फ्री टी-४ चढलेला दिसतो. फक्त थायरॉइडची तपासणी असेल तर उपाशी राहायची गरज नाही, पण टीएसएच दिवसभरात बदलतो, म्हणून दर वेळी साधारण एकाच वेळी आणि शक्यतो एकाच लॅबमध्ये द्या. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर किमान दोन दिवस आधी थांबवा. काही यंत्रांवर त्यामुळे टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त येतो. डोस जास्त झाल्यासारखा रिपोर्ट दिसतो, आणि चालू डोस विनाकारण कमी केला जातो.

डोस बदलल्यावर पंधरा दिवसांत तपासणी करणं म्हणजे पैसे वाया. शरीरातला टी-४ निम्मा व्हायला सुमारे सात दिवस लागतात, नव्या पातळीवर स्थिरावायला पाचेक आठवडे, आणि पिट्युटरी त्याच्याही मागून येते. म्हणून सहा ते आठ आठवडे. ब्रँड बदलला तरी एवढंच थांबून तपासा.

ग्रंथी पूर्ण बंद किंवा काढलेली असेल तर डोस साधारण किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोला १००च्या आसपास. वयस्कर किंवा हृदयविकार असलेल्यांना १२.५ ते २५पासून सुरुवात करतात. डोस जास्त झाला तर धडधड, हात थरथरणं, झोप उडणं. दीर्घकाळ चालला तर हृदयाची लय बिघडते आणि हाडं झिजतात. त्यामुळे वजन उतरवायला परस्पर गोळी वाढवू नका.

पावसाळ्यात बाटली बाथरूममध्ये किंवा गॅसच्या वरच्या फळीवर ठेवू नका. दमट हवा, उष्णता, उजेड या तिन्हींनी गोळी कमजोर होते. मूळ बाटलीत, झाकण घट्ट लावून, कपाटात ठेवा.

सहा आठवडे थांबायचा नियम गर्भारपणात चालत नाही. गोळी चालू असलेल्या बाईची पाळी चुकली आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली की पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. डोस बहुधा २५ ते ३० टक्क्यांनी वाढवावा लागतो, आणि निम्मे दिवस भरेपर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच बघतात.