एक पुस्तक काढलं की बाकीची लोळतात? रॅक करून घेताना या चुका टाळा

रॅक बनवून घेताना आपण सगळे तो भरलेलाच डोळ्यासमोर धरतो, सुतारही तसंच माप धरतो, आणि पहिल्या दिवशी पुस्तकं ठासून लावली की रॅक झकास दिसतो. खरी परीक्षा नंतर असते. चार पुस्तकं कुणी वाचायला नेली, दोन पोरांच्या दप्तरात गेली, की उरलेली कलंडायला लागतात, एक पडलं की पुढची पाच आडवी होतात आणि आठवड्याभरात तो खण बघवत नाही. म्हणून माझं म्हणणं एकच आहे, रॅकचं डिझाईन अर्ध्या रिकाम्या खणासाठी करा, भरलेला खण काय, कसाही उभा राहतोय.

आपल्या भागात हे जास्त महत्त्वाचं आहे कारण आपल्याकडं पुस्तकं एका जागी बसत नाहीत. बेळगावात सार्वजनिक वाचनालय 1848 पासूनचं आहे, कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावागावात साहित्य संमेलनं भरतात, तिथल्या स्टॉलवरून माणसं पिशव्या भरून पुस्तकं घरी नेतात आणि मग ती शेजारी, पाव्हण्यांत, शाळेत फिरत राहतात. गावातल्या छोट्या वाचनालयात तर निम्मी पुस्तकं कायम बाहेरच असायला पाहिजेत, तेच चांगल्या वाचनालयाचं लक्षण. मग त्या निम्म्या रिकाम्या खणात बाकीची उभी राहणार कशी, हे आधी ठरवायला नको का?

आधी पुस्तक पडतं का ते बघा

आपली बहुतेक मराठी आणि कन्नड पुस्तकं डेमी आकाराची, म्हणजे साधारण साडेआठ इंच उंच आणि साडेपाच इंच रुंद. जाडी समजा सहा सूत, म्हणजे पाऊण इंच. असं पुस्तक एकटं उभं केलं आणि त्याचा वरचा काठ बाजूला त्याच्या जाडीइतका, म्हणजे पाऊण इंच सरकला, की ते पडतंच, कारण वजन तळाच्या बाहेर जातं. अंशात बघाल तर जेमतेम 5 अंश. पुस्तक जितकं पातळ तितकं लवकर पडणार, दोन इंची शब्दकोश एकटा उभा राहील पण कवितासंग्रह नाही राहणार.

दुसरं म्हणजे पाय सरकणं. पुस्तक शेजारच्याला टेकून तिरकं उभं असतं तेव्हा त्याचा तळ मागं सरकायला बघत असतो, त्याला अडवतं ते फक्त खालच्या फळीचं घर्षण. फट एकदोन इंचाची असेल तर चालतंय, पण डेमी पुस्तकाच्या शेजारी साधारण चार इंचाच्या वर फट गेली आणि फळी गुळगुळीत असली की तळ सरकतो आणि पुस्तक सरळ आडवं. ही दोन कारणं लक्षात ठेवा, खालच्या जवळजवळ सगळ्या चुका त्यातनंच येतात.

चूक : एका खणाला तीन फूट मोकळी फळी

ही सगळ्यात कॉमन चूक. प्लायचा तुकडा वाया जाऊ नये म्हणून तीन फुटाचा सलग खण काढतात, मधी काही नाही. दोन नुकसानं होतात. एक तर मधी टेकायला काहीच नसल्यामुळं पुस्तकं पडली की ओळीनं पडतात. दुसरं म्हणजे फळी बाक धरते. तीन फूट भरून डेमी पुस्तकं ठेवली तर 20 ते 25 किलोपर्यंत वजन सहज होतं आणि बाकाचा हिशोब लई वाईट असतोय, तेवढीच दाट पुस्तकं ठेवून दोन फुटाची फळी तीन फुटाची केली तर बाक दीडपट नाही, पाचपट होतो. उलट जाडी वाढवली की झपाट्यानं कमी होतो, 12 मिमी प्लायपेक्षा 18 मिमी प्लाय सव्वातीनपटीपेक्षा जास्त ताठ. फळी मधी खाली गेली की दोन्ही बाजूची पुस्तकं मधल्या खड्ड्याकडं झुकतात आणि मग कितीही सरळ करून ठेवा, संध्याकाळपर्यंत परत तशीच.

तेव्हा खण दोन, फार तर सव्वादोन फुटाचा, फळी 18 मिमीची (सुताराच्या भाषेत सहा सूत), वरच्या थराचे रेषे लांबीच्या दिशेनं आलेत ना ते कापायच्या आधी बघून घ्यायचं, आणि पुढच्या काठाला खालून दीड इंचाची लाकडी पट्टी मारून घ्यायची. एवढ्यानं फळी वर्षानुवर्षं सरळ राहते. पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेला) स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका, खानापूर, बेळगाव पट्ट्यातला पावसाळा त्याला झेपत नाही, ओल धरून फुगतो आणि बाक तर लवकर धरतोच.

चूक : मागं उतार दिला म्हणजे झालं असं समजणं

बरेच जण सांगतात की फळी भिंतीकडं थोडी कलती करा, पुस्तकं पडत नाहीत. पुढं पडत नाहीत, बरोबर आहे, पण आपला त्रास बाजूला पडण्याचा आहे आणि त्यासाठी उतार बाजूलाच पाहिजे.

बाजूचा उतार म्हणजे फळीचं एक टोक दुसऱ्यापेक्षा खाली. दोन फुटाच्या फळीला तीन ते चार इंच उतार दिला की साधारण 7 ते 10 अंश होतात, म्हणजे ते वरचे 5 अंश ओलांडले, त्यामुळं पातळ पुस्तकाला कुठं टेकायचं हा प्रश्नच राहत नाही, ते कायम खालच्या टोकाकडंच टेकणार. मधनं एक काढलं तर वरचं पुस्तक खालच्यावर हलकं टेकतं, बोटानं ढकललं की फट बंद, आणि सगळी रिकामी जागा वरच्या टोकाला जमा होते. खरी गंमत पायाची आहे बघा की, सपाट फळीवर टेकलेल्या पुस्तकाचा तळ मागं सहज सरकतो, पण उतारावर मागं सरकायचं म्हणजे चढ चढावा लागतो, त्यामुळं तळ जागेवर राहतो. काही स्प्रिंग नाही, काही बिजागरी नाही, पुस्तकाचंच वजन काम करतंय.

यातच एक मोठी चूक होते आणि ती चांगले चांगले मिस्त्री करतात. फळी तिरकी लावतात पण टोकाची उभी पाटी ओळंब्यात, म्हणजे जमिनीला अगदी सरळ उभी लावतात, कारण उभी पाटी सरळ उभीच पाहिजे ही सवय हाताला असते. मग फळी आणि पाटी यांच्यात काटकोन राहत नाही, पहिलंच पुस्तक पाटीला नुसतं काठावर टेकतं, खाली किंवा वर पाचरीसारखी फट राहते आणि सगळी रांग पिळली जाते. इथं ओळंबा बाजूला ठेवायचा आणि गुण्या (काटकोन बघायचं सुताराचं हत्यार) घ्यायचा. पाटी फळीशी काटकोनात, मग ती जमिनीशी तिरकी दिसली तरी दिसू दे. पुस्तकाची पाठ सरळ राहायला हाच काटकोन लागतो. आणि सगळ्या रांगेचा भार त्या एका पाटीवर येतो, म्हणून ती 6 मिमीची नको, 18 मिमीची घ्या आणि नुसत्या फेविकॉलवर न सोडता स्क्रू मारून घ्या.

आपल्याकडं कितीतरी मिस्त्री कन्नड बोलणारे असतात, आपण मराठीत सांगतो, तो मान हलवतो आणि नेहमीसारखा रॅक करून देतो. त्यात त्याचा दोष नाही, तोंडी सांगून हा काटकोन डोळ्यासमोर येतच नाही. वहीच्या पानावर चित्र काढून द्या, तीनच रेघा आहेत, आणि कापायच्या आधी दोन तुकडे तसे धरून दाखवायला सांगा. "मामा, खण निम्मा रिकामा असला तर पुस्तक कुठं टेकणार?" एवढं विचारा, तो लगेच बरोबर उत्तर शोधतोय.

जुना सपाट रॅक मोडायची गरज नाही. खणाची उंची 12-13 इंच असेल तर त्यात सरकवता येईल असा तीन इंच उताराचा लाकडी ट्रे करून घ्या, एका टोकाला काटकोनात पाटी, झालं.

चूक : पार्टिशन आहे, पण बुटकं किंवा लांब लांब

उतार नको असेल तर पार्टिशन घ्या, दर सहा ते नऊ इंचाला एक. म्हणजे अख्खा कप्पा रिकामा झाला तरी फट तेवढ्यापुरतीच. पार्टिशनची उंची पुस्तकाच्या निदान दोन तृतीयांश पाहिजे, डेमीसाठी साडेपाच सहा इंच. निम्म्याहून बुटकं असेल तर पुस्तक त्याच्यावरनं पलीकडं कलंडतं. यासाठी 18 मिमीचं प्लाय वापरलं तर जागा लई जाते, 6 मिमी प्लाय खाचेत बसवलं तर पुरतंय, नाहीतर जाड तारेची कमान वाकवून फळीला भोकं पाडून बसवायची. भोकं दर दोन इंचाला पाडून ठेवली तर कमान हलवता येते. हे शाळेच्या रॅकला फार सोयीचं, तिथं आज गोष्टीची पातळ पुस्तकं असतात, उद्या पाठ्यपुस्तकं येतात.

दिवाळी अंकांना मात्र हे नियम लावू नका. अंक ताठ नसतात, टेकू जिथं संपतो तिथनं ते मान टाकतात, त्यांना पूर्ण उंचीचा डबा तरी पाहिजे नाहीतर सरळ आडवी थप्पी.

बुकएंड सरकतो, त्याची कारणं

बुकएंड म्हणजे रांगेच्या टोकाला ठेवायचा सुटा टेकू. इंग्रजी एल आकाराचा पत्र्याचा बुकएंड स्वस्त आणि चांगला, बेळगावात उद्यमबागकडं पत्र्याचं काम करणारा कुणीही वाकवून देईल. पण तो उभा राहतो स्वतःच्या वजनावर नाही, पुस्तकांच्या वजनावर. आडवी जीभ पुस्तकांच्या खाली गेली पाहिजे आणि चांगली चार पाच इंच गेली पाहिजे. लोक काय करतात, ती जीभ बाहेरच्या बाजूला काढून ठेवतात आणि म्हणतात सरकतो. सरकणारच. पत्रा 1 मिमीच्या आसपासचा घ्या, जाड घेतला तर जिभेवरची पुस्तकं वर उचललेली राहतात. उभा काठ मात्र दुमडून घ्या, कारण पातळ सरळ काठ पुस्तक आत सारताना पानांच्या मधी घुसतो आणि पानं मुडपतात, फाटतात. जिभेच्या खालच्या बाजूला फेल्ट (दाबलेल्या लोकरीसारखं जाड कापड) लावतात, ते चुकीचं, फेल्टनं उलट जास्त सरकतो. रबराची पातळ पट्टी लावा.

आजच्या आज काही पाहिजे असेल तर विटेला आधी कागद मग जाड कापड शिवून घ्या. साधी भाजलेली वीट तीन किलोच्या आसपास असते, उभी ठेवली की नऊ इंच उंच, डेमीला बरोबर. कागद विसरू नका, नाहीतर लाल भुकटी कापडातनं पाझरून पुस्तकाला लागते.

चकचकीत मायका आणि प्लास्टिक कव्हर

ही जोडी एकत्र आली की कुठलाही रॅक हरतो. पुसायला सोपा म्हणून ग्लॉसी मायका लावतात, वाचनालयात पुस्तकांना प्लास्टिकचं कव्हर घालतात, आणि तळ बर्फावर ठेवल्यासारखा सरकतो. मॅट मायका घ्या, खर्चात फार फरक पडत नाही. काही जण फळीवर पीव्हीसीची जाळीदार मॅट टाकतात, ती मी सुचवणार नाही, उन्हाळ्यात ती प्लास्टिक कव्हरला चिकटते आणि काढताना कव्हर ओढलं जातं.

खोली जास्त

12 इंच खोल रॅक कपड्यांसाठी ठीक. साडेपाच इंच रुंदीची पुस्तकं त्यात मागं जातात, वेडीवाकडी होतात, मग पुढं दुसरी रांग लागते आणि मागची कुणाला दिसतच नाही. आठ इंच पुरे. आधीच खोल असेल तर मागं एक आडवी लाकडी पट्टी ठोका, सगळी पुस्तकं पुढं एका रेषेत येतात आणि भिंतीकडं हवा खेळती राहते, जुनातल्या ओलीत त्याचा उपयोग होतोच.

सगळं बरोबर केलंय तरी एकाच बाजूला पडतात?

मग रॅकला दोष देण्याआधी जमीन तपासा. जुन्या घरांत शहाबादी फरशीला पाणी जायला उतार दिलेला असतो, डोळ्याला कळत नाही. रॅकवर पाणसळ (लेव्हल बघायची बुडबुड्याची नळी) ठेवून बघा. उतार बाजूला असेल तर तसाच राहू द्या, फक्त टेकायची पाटी खालच्या बाजूला आणा. पुढच्या बाजूला असेल तर मात्र पुढच्या पायाखाली पाचर मारा, आणि उंच रॅक असेल, घरात पोरं असतील, तर वरनं एल क्लॅम्पनं भिंतीला पकडून घ्याच.

पुस्तकं सरळ उभी आहेत पण पाठ वाकडी झालीये, असं असेल तर ती बरेच दिवस तिरकी टेकून होती. पानांचा गठ्ठा पुठ्ठ्यातनं लोंबतो आणि चिकटवलेली बांधणी आधी सुटते. उलट्या बाजूला वजनाखाली आडवी ठेवून थोडी फार सुधारतात. आणि पडू नयेत म्हणून ठासून भरणं हा उपाय नाही, मग पुस्तक पाठीच्या वरच्या टोकाला बोट घालून ओढावं लागतं आणि तिथंच ते फाटतं. एक बोट जाईल एवढी सैल रांग ठेवा, दोन्ही बाजूची पुस्तकं जरा आत सारा आणि हवं ते मधोमध पकडून काढा, मग उताराची फळी असेल तर वरच्या टोकाकडचं पुस्तक खाली ढकलून रांग परत जुळवून ठेवा.