बॅक बटण दाबल्यावर जुनेच पान दिसते तेव्हा

ब्राउझरचे बॅक बटण दाबूनही मागे जाता येत नाही, किंवा मागे गेल्यावर शिळी माहिती दिसते, या दोन तक्रारी नेहमी एकत्रच सांगितल्या जातात. त्यांची कारणे मात्र निराळी आणि उपायही निराळे. म्हणून सगळा इतिहास सरसकट पुसून टाकण्याआधी नेमके काय बिघडले आहे, ते ओळखावे.

बटण दाबूनही पुन्हा त्याच पानावर येत असल्यास, मधले एखादे पान तुम्हाला आपोआप पुढे पाठवत असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी बॅक बटणावर उजवे क्लिक करावे किंवा ते दाबून धरावे. आधी पाहिलेल्या पानांची यादी उघडते, तीतून ते मधले पान वगळून त्यामागचे निवडावे. बटण फिकट दिसत असेल, तर दुवा नव्या टॅबमध्ये उघडला आहे का ते पाहावे, कारण तशा टॅबला मागचे पान सहसा नसतेच.

शिळ्या माहितीचा प्रश्न जरा खोल आहे. ब्राउझरच्या कॅशेमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, चित्रे, स्क्रिप्ट (पानावर चालणारे छोटे प्रोग्रॅम), स्टाइलशीट (पानाची मांडणी ठरवणारी फाइल) अशा फायली साठवलेल्या असतात. त्याखेरीज, नुकतेच सोडलेले अख्खे पान त्यातील स्क्रिप्टच्या स्थितीसह मेमरीत गोठवून ठेवले जाते आणि बॅक दाबताच ते होते तसे समोर येते. फायरफॉक्समध्ये ही सोय २००५ च्या १.५ आवृत्तीपासून आहे; संगणकावरील क्रोममध्ये ती २०२१ साली, ९६व्या आवृत्तीत आली. ऑनलाइन खरेदीच्या कार्टमधून एक वस्तू काढून मागे गेल्यावर कोपऱ्यातील आकडा तीनचा दोन झालेला नसतो, तो यामुळेच. वस्तू निघालेली असते, फक्त दिसणारे पान आधीचे असते. अशा वेळी साधे रीलोड पुरते.

रीलोड करूनही मांडणी मोडलेली किंवा चित्र जुनेच दिसत असेल, तर संशय फायलींच्या कॅशेवर घ्यावा आणि कंट्रोल, शिफ्ट व आर या कळा एकत्र दाबाव्यात. मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड. यामुळे ब्राउझर साठवलेल्या प्रती बाजूला ठेवून फायली सर्व्हरकडून नव्याने मागवतो. तरीही फरक न पडल्यास तेच पान खाजगी विंडोमध्ये उघडावे. तेथे ते नीट दिसले, तर दोष साठवलेल्या माहितीत किंवा एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये (ब्राउझरला जोडलेल्या जादा प्रोग्रॅममध्ये) आहे. तेथेही बिघडलेलेच असेल, तर दोष बहुधा संकेतस्थळाचा असतो आणि आपण कितीही कॅशे पुसली तरी व्यर्थ.

मागे जाताना फॉर्म पुन्हा पाठवायचा का, असा प्रश्न ब्राउझरने विचारला, तर विशेषतः पैसे भरण्याच्या पानावर घाईने होकार देऊ नये, कारण तीच विनंती दुसऱ्यांदा जाऊ शकते. नकार द्यावा आणि व्यवहार झाला की नाही, ते वेगळ्या टॅबमध्ये तपासावे.

कॅशे पुसण्याचा उपाय शेवटी. कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट दाबून उघडणाऱ्या चौकटीत केवळ साठवलेली चित्रे व फायली निवडाव्यात. कुकीजवरची (लॉगिन वगैरे लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदींवरची) खूण काढली नाही, तर लॉगिन केलेल्या बहुतेक संकेतस्थळांतून बाहेर पडाल. बिघाड एकाच संकेतस्थळापुरता असेल, तर सेटिंग्जमधून तेवढ्याच संकेतस्थळाची माहिती पुसणे अधिक शहाणपणाचे, मात्र त्यात तेथील कुकीजही जातात आणि तेथे पुन्हा लॉगिन करावे लागते.

संकेतस्थळ तुमचेच असेल, तर क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये ॲप्लिकेशन विभागात बॅक/फॉरवर्ड कॅशेची, म्हणजे वर सांगितलेल्या पान गोठवण्याच्या सोयीची, चाचणी चालवावी. पान गोठवले जात नसेल, तर त्याचे कारण तेथे दिसते, आणि पुष्कळदा ते अनलोड इव्हेंटवर (पान सोडताना ब्राउझर देत असलेल्या सूचनेवर) लावलेल्या एखाद्या जुन्या स्क्रिप्टचे निघते. गोठवलेले पान परतल्यावर पेजशो इव्हेंट येतो व त्याचे पर्सिस्टेड हे मूल्य ट्रू असते. तेवढे तपासून कार्टचा आकडा सर्व्हरकडून पुन्हा मागवावा, सगळे पान रीलोड करण्याची गरज नसते.