ग्रामीण रुग्णालयात फॅमिली मेडिसिन शिकताना

एमबीबीएसनंतर नीट पीजी या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर मी फॅमिली मेडिसिनमधील डीएनबी या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची जागा घेतली, तेव्हा घरच्यांनी विचारले होते की, मग तू नेमकी कशाची डॉक्टर होणार? तीन वर्षांचा तो अभ्यासक्रम पूर्ण करून आज मी यवतमाळ जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात काम करते. येथे रुजू होणाऱ्या तरुण डॉक्टरांना पहिल्या आठवड्यात जे सांगते, तेच येथे लिहीत आहे.

प्रशिक्षणात औषधवैद्यक, शस्त्रक्रिया, स्त्रीरोग व प्रसूती, बालरोग अशा विभागांत पाळीपाळीने काम करावे लागते. त्यातून हात तयार होतो, यात शंका नाही. पण वॉर्डमधून सुट्टी झालेल्या माणसाचे पुढे काय झाले, हे तेथे क्वचितच कळते. आणि फॅमिली डॉक्टरचे निम्मे शिक्षण तर त्या ‘पुढे’मध्येच असते. म्हणून पहिल्या दिवसापासून एक वही ठेवावी. ज्या रुग्णाचे निदान पक्के झाले नाही त्याचे नाव, गाव, तेथील आशाताईंचा फोन, आपला अंदाज आणि परत बोलावलेला दिवस तिच्यात लिहावा, आणि ती वही कुलूपबंद ठेवावी. परत बोलावताना तारखेऐवजी बाजाराचा दिवस सांगावा, कारण त्या दिवशी गावातून गाडी हमखास मिळते आणि मजुरीही वेगळी बुडत नाही. सीटी स्कॅन किंवा तज्ज्ञ हाताशी नसताना दुसऱ्यांदा केलेली तपासणी हेच आपले सर्वांत भरवशाचे साधन असते.

पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, आलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलीने मला हे शिकवले. तिची आई म्हणाली, “मॅडम, हिचे हाडं लय ठनकते, रातभर रडते.” वहीत पाहिले तेव्हा चार महिन्यांतील ही तिची तिसरी खेप निघाली आणि आधीच्या दोन्ही वेळी मीच वेदनाशामक औषध देऊन तिला घरी पाठवले होते. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार किती आढळतो हे परीक्षेत लिहून आलेल्या डॉक्टरला तो समोर बसलेला ओळखता आला नव्हता. सिकलसेलची प्राथमिक सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली. परंतु तिच्यावरून वाहक कोण आणि रुग्ण कोण हे ठरत नसल्याने नमुना इलेक्ट्रोफोरेसिस या खात्रीच्या चाचणीला पाठवला आणि ‘एसएस’, म्हणजे वाहक नव्हे तर रुग्ण, असा अहवाल आला. तेथून पुढे हायड्रॉक्सियुरिया, फॉलिक अ‍ॅसिड, ठरावीक काळाने रक्तपेशींची मोजणी आणि ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना, असा क्रम सुरू झाला. डाव्या बरगडीखाली प्लीहा कशी चाचपायची हे मी त्या माउलीचा हात हातात धरून शिकवले, कारण प्लीहा अचानक वाढून मूल पांढरे पडू लागले तर ते सर्वांत आधी तिलाच कळणार आहे.

सर्पदंशाविषयी मात्र थोडे सविस्तर सांगते, कारण त्यात माझी चूक झाली होती. प्रशिक्षणाच्या काळात एका रुग्णालयात रात्री पायाला दंश झालेला एक शेतमजूर आला. सूज नव्हती, रक्तस्राव नव्हता, पापण्याही जड नव्हत्या. पण काचेच्या नळीत ठेवलेले दोन मिलिलिटर रक्त वीस मिनिटांनंतरही गोठले नाही. मी प्रतिविष सुरू केले आणि थोड्याच वेळात त्याच्या अंगावर गांधी उठल्या, धाप लागली. अ‍ॅड्रेनॅलिनने तो सावरला. मग ज्येष्ठ सिस्टरांनी शांतपणे विचारले, “डॉक्टर, नळी कोणती घेतली?” नळी साबणाने धुतलेली होती. नव्या कोरड्या नळीत त्याचेच रक्त व्यवस्थित गोठले. साबणाचा अंश राहिलेल्या किंवा प्लास्टिकच्या नळीत चांगले रक्तही गोठत नाही, हे मी त्या रात्रीपासून कधी विसरले नाही. शंका असल्यास तशाच दुसऱ्या नळीत निरोगी माणसाचे रक्त ठेवून पाहावे. पहिली चाचणी चांगली आली तरी ती ठरावीक अंतराने पुन्हा करावी, कारण रक्त गोठू न देणाऱ्या घोणसाच्या विषाचा परिणाम उशिराही दिसतो. मण्यारचे विष मज्जातंतूंवर परिणाम करते, म्हणून तिच्या दंशात मात्र ही चाचणी उपयोगाची नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी सांगत आला आणि त्याच्या पापण्या मिटू लागल्या असतील, तर दंशाची खूण दिसत नसली तरी मण्यारचा विचार करावा आणि श्वासाची सोय आधी पाहावी. प्रतिविषाची मात्रा मुलांना मोठ्यांइतकीच लागते.

कपाशीवरील फवारणीच्या हंगामात विषबाधेचे रुग्ण येतात. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारे शेतकरी व मजूर दगावले, तेव्हापासून आम्ही पावसाळ्याआधीच अ‍ॅट्रोपिन या उताऱ्याच्या औषधाचा साठा मोजतो. अशा रुग्णाचे कपडे काढून अंग धुणे हा उपचाराचाच भाग आहे. ते काम नातेवाइकांवर सोडू नये.

रुग्णाला पुढे पाठवताना चिठ्ठीवर नुसते ‘रेफर’ लिहू नये. काय दिले, किती वाजता दिले आणि कशाची भीती वाटते हे लिहावे, 108 ची गाडी निघण्याआधी तिकडच्या डॉक्टरांशी बोलावे आणि दुसऱ्या दिवशी फोन करून अंतिम निदान आपल्या वहीत उतरवून घ्यावे. माझ्या अंदाजांपैकी किती चुकले हे मला त्याच फोनांमुळे कळत गेले. रुजू व्हाल त्या दिवशी सिस्टरांना दोनच गोष्टी विचारा : नव्या काचेच्या नळ्या कोठे ठेवल्या आहेत, आणि येथील बाजार कोणत्या वारी भरतो.