दमलेल्या पायांनी, दोनच शॉट

पुण्यात शाळेच्या किंवा क्लबच्या मुलांना बास्केटबॉल शिकवायला नव्याने उतरलेल्यांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते: "सर, प्रॅक्टिसला ही मुलगी डोळे मिटून बास्केट टाकते, मॅचमध्ये हिला काय होतं कळत नाही." १४ आणि १७ वर्षांखालच्या मुलामुलींबरोबर बरीच वर्षं कोर्टवर घालवल्यावर माझं मत पक्कं झालंय. यात मुलांच्या हिमतीचा दोष फार थोडा असतो. मॅचमध्ये जे करायचं असतं, त्याचा सराव आपण करूनच घेत नाही.

फ्री थ्रोचंच बघा, म्हणजे फाउल झाल्यावर रेषेवरून, कुणी न अडवता घ्यायचा शॉट. प्रॅक्टिसला मूल रेषेवर निवांत उभं राहतं, मित्र रिंगखालून चेंडू परत देत राहतो, ओळीने चाळीस-पन्नास शॉट होतात. पहिले काही चुकले तरी पुढे हात बसतो. मॅचमध्ये दम लागलेला असतो, रेफ्रीने चेंडू दिल्यावर पाच सेकंदांत शॉट सुटावा लागतो आणि बहुतेक वेळा मिळतात दोनच. हात बसायला सवड कुठे असते?

म्हणून माझ्याकडे फ्री थ्रो दोन-दोनच. आपापसातला खेळ रंगात आला की मध्येच शिट्टी मारायची, कुणा एकाला रेषेवर पाठवायचं, बाकीच्यांनी रिबाउंडला, म्हणजे हुकलेला चेंडू पकडायला, उभं राहायचं. दोन शॉट झाले की खेळ पुढे सुरू. गुण त्या बाजूच्या खात्यात धरायचे, नाहीतर त्या शॉटला वजन येत नाही. बाहेर बसलेल्यांना खुशाल ओरडू द्या. पण शॉट चुकला म्हणून कोर्टाला फेऱ्या मारायला लावू नका. त्याने दडपणाची सवय होत नाही. चुकण्याची भीती तेवढी बसते, आणि मग मोकळं असूनही मूल चेंडू दुसऱ्याकडे ढकलू लागतं.

रेषेवर काय करायचं हे आधीच ठरलेलं हवं. पावलं लावायची, चेंडू ठरलेल्या वेळा आपटायचा, एक लांब श्वास सोडायचा, नजर रिंगवर टेकवायची आणि मग शॉट. क्रीडा-संशोधक जोन विकर्स यांनी १९९६ मध्ये फ्री थ्रोवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. शॉट घेण्याआधी सरस खेळाडूंची नजर लक्ष्यावर जास्त वेळ स्थिर राहते, असं त्यात दिसलं. मुलांना हे लगेच पटतं, कारण घाबरल्यावर आपली नजर बाकाकडे, आईबाबांकडे, स्कोअरबोर्डाकडे पळते हे त्यांना आतून माहीत असतं.

ऐन मॅचमध्ये कोपर, मनगट, बोटं यावर भाषण देऊ नये. दमलेल्या मुलाचा चेंडू बहुतेकदा रिंगच्या अलीकडे पडतो, कारण पाय वाकलेले नसतात. "पाय!" एवढं ओरडलं तरी पुरतं, अर्थात तो शब्द सरावात रुजलेला असेल तर.

लहानांच्या बाबतीत आधी चेंडू तपासा. दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या हातात सात नंबरचा, म्हणजे मोठ्या पुरुषांचा, चेंडू आणि समोर ३.०५ मीटरवरची रिंग असेल, तर तो छातीतून ढकलणार, आणि दडपणाखाली ती ढब आणखी बिघडणार. लहान मुलांच्या मिनी बास्केटबॉलमध्ये चेंडू पाच नंबरचा असतो आणि रिंग २.६० मीटरवर. रिंग खाली घेण्याची सोय नसेल तर निदान चेंडू तरी बदला.

आणखी एक अडचण आपल्याकडची. आंतरशालेय सामन्यांचा हंगाम पावसाला चिकटून येतो, आणि पुण्यातली बरीच कोर्टं उघडी. कोर्ट ओलं असेल त्या दिवशी मी मुलांना घरचा अभ्यास देतो: सोसायटीचा जिना तळापासून गच्चीच्या दारापर्यंत झपझप चढायचा, वर पोचताच पावलं लावून चेंडूशिवाय फ्री थ्रोचा सगळा क्रम दोनदा करायचा, मग सावकाश खाली उतरून पुन्हा चढायचं. जिना ओला असेल तर धावायचं नाही, हे पालकांनाही सांगून ठेवा.