जेवलास की जेवलीस? घरातल्या ट्रान्स मुलाशी बोलताना

माझ्या भावाचं मूल सोळाव्या वर्षी मला म्हणालं, आत्या, मी मुलगा आहे. तोपर्यंत आम्ही सगळे त्याला मुलगीच समजत होतो. त्यानंतर आम्ही घरात जे शिकलो ते लिहितेय, कारण या विषयावरचे बहुतेक सल्ले इंग्रजीतून येतात आणि मराठीत गोष्ट वेगळी आहे. इंग्रजीत समोरच्याला 'यू' म्हटलं की भागतं, आपल्याकडे "कधी आलास" की "कधी आलीस" हे दारातच ठरवावं लागतं, आणि पोराला स्वतःबद्दल बोलतानाही "जातो" की "जाते" निवडावंच लागतं, म्हणजे दिवसातून शंभर वेळा.

तर आधी विचारा. एकांतात, साधं, "तुला काय म्हणू, कुठल्या नावाने हाक मारू?" नुसतं ऐकून अंदाज बांधू नका, कोल्हापूरकडे मुली सर्रास "मी आलो" म्हणतात, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. आणि सोबत हेही विचारा की हे कुणाकुणाला माहीत आहे, कुणासमोर काय म्हणायचं. भाच्याने आधी फक्त मला सांगितलं होतं, तेव्हा आजीसमोर मी जुनंच नाव घ्यायचे, त्यानेच तसं सांगितलं होतं म्हणून. फॅमिली ग्रुपवर ही बातमी टाकायचा हक्क आपल्याला नाही, अगदी कौतुकाने सुद्धा नाही.

मुलाचं अजून ठरलं नसेल किंवा पाहुणे बसलेत तर मराठीत वाटा आहेत. "जेवलास का"च्या जागी "जेवण झालं का", "येतोस का"च्या जागी "येशील का", "दमलास?"च्या जागी "दमायला झालं का". पण मुलाने "मला मुलगा म्हण" असं स्पष्ट सांगितल्यावरही हेच करत राहिलात तर त्याला कळतं की तुम्ही टाळताय, आणि ते लागतं.

जीभ चुकणारच. "जेवलीस... जेवलास का, भात वाढू?" एवढंच, आणि पुढे बोला. दहा मिनिटं सॉरी म्हणत रडलं की त्यालाच आपली समजूत काढावी लागते. खरी प्रॅक्टिस तो घरात नसताना होते, मी आणि वहिनी स्वयंपाकघरात त्याच्याबद्दल बोलताना मुद्दाम "तो आला, त्याने घेतलं" म्हणायचो, दोन-तीन महिन्यांत तोंडात बसलं.

नात्यांची नावंही विसरू नका. धाकटी चुलत बहीण त्याला ताई म्हणायची, त्याच्या इच्छेने दादा म्हणायला लागली आणि त्या वर्षी भाऊबीजेला तिने त्याला ओवाळलं. ते बघताना माझे डोळे भरून आले.

शब्दांबद्दल पण विचारा. कुणाला ट्रान्स आवडतं, कुणाला पारलिंगी, तृतीयपंथी शब्द सगळ्यांना आपला वाटत नाही. "ही फेज आहे" आणि "ऑपरेशन करणार का" ही दोन वाक्यं कृपा करून नकोच, दुसरं तर वयात आलेल्या कुठल्याच मुलाला आपण विचारणार नाही.

कुणी "मी बरं करून देतो" म्हणाला, मग तो डॉक्टर का असेना, तिथून उठा. ट्रान्स असणं हा आजार नाही, जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली मंजूर केलेल्या आजारांच्या यादीत ते मानसिक आजारांमधून काढलंय, आणि असे 'उपचार' करणं हे डॉक्टरांसाठी गैरवर्तन आहे असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये सांगितलंय. मूल खूप गप्प झालं, जगण्यात अर्थ नाही असं काही बोललं, तर वाद घालू नका, एकटं सोडू नका, सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर लगेच फोन करा. आईवडिलांना कुणाशी बोलायचं असेल तर मुंबईत हमसफर ट्रस्ट अनेक वर्षं हे काम करतेय.

शाळा-कॉलेजात हजेरीला जुनं नाव मोठ्याने पुकारलं जातं ते मुलांना फार बोचतं. त्याची परवानगी घेऊन वर्गशिक्षकांना भेटा, कागदपत्रं बदलायला वेळ लागेल तो लागू दे, तोवर आडनावाने किंवा रोल नंबरने हजेरी घ्याल का एवढं विचारा. आमच्याकडे बाई लगेच हो म्हणाल्या.